फातराची वाट

इनास मेस्तच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की 'ये, बस' असं कुणी म्हणत नसे. आधी त्याचा एक हात वर व्हायचा, मग बोट खाली वळायचं. दाराच्या डाव्या अंगाला, कोब्यावर, पांढऱ्या रंगात दोन पावलं उमटवलेली होती. अनवाणी, दहाही बोटांसकट. आलेल्या माणसाने त्या पावलांवर आपली पावलं ठेवायची. ती ठेवून होईपर्यंत मेस्त लेथ सुरू करत नसे आणि तोंडही उघडत नसे. ती पावलं त्याची स्वतःची होती, रंगात पाय बुडवून काढलेली. माझे पाय त्यांत कधी मावले नाहीत. टाचा मागे राहायच्या.

शेड मालवणपासून बरीच आत होती, काजूच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर पत्रा. मधोमध लेथ. त्या लेथच्या खालून निघून दोन्ही बाजूंच्या भिंतींपर्यंत एक तांबडा पट्टा गेला होता, सुमारे अडीच फूट रुंद. भिंतीपाशी तो संपत नव्हता. भिंतीवर चढून पत्र्यावरही जात होता. दोन्ही भिंतींच्या पायथ्याशी नारळाच्या सोडणांनी भरलेली पोती छातीइतकी रचलेली होती.

पहिल्या भेटीत मी पट्ट्याकडे बघतोय हे त्याने पाहिलं.

"ही फातराची वाट," तो म्हणाला.

फातर म्हणजे दगड. लेथवर फिरणाऱ्या दगडात चीर असली आणि तो फुटला, तर तुकडे वाटेल तिकडे उडत नाहीत. ज्या फेऱ्यात तो फिरत असतो त्याच्याच सरळ रेषेत सुटतात, पुढे, मागे, वर. मेस्तने ती रेष जमिनीवर, भिंतीवर, पत्र्यावर रंगवून ठेवली होती.

"फातर फुटलो तर तुका इचारून येवचो नाय. तेची वाट ठरलेली. ती आपण मोकळी सोडूची, बस."

त्या वेळी तो साठीला आला होता. बुटका, रुंद खांद्यांचा, भुवयांवर कायम पांढरी पिठी. मूळचा याच वाडीतला. तरुणपणी गोव्यात एका कारखान्यात दगड कातायला शिकला, तिथे बरीच वर्षं काढली आणि एके दिवशी सगळं सोडून परत आला. जुना लोखंडी लेथ विकत घेतला, त्याचा वेग कमी करून घेतला आणि अलाबास्टर कातायला लागला. अलाबास्टर हा मऊ, पांढरा दगड. नखाने ओरखडा उठतो. पातळ कातला की त्यातून उजेड पार होतो, म्हणून त्याचे दिवे करतात. मेस्त त्याला मेणफातर म्हणायचा. राजस्थानातून ट्रकने यायचा तो, गोणपाटात गुंडाळून, मोठ्या पावाच्या आकाराचा.

"आणि आपला जांभा?" मी विचारलं होतं. "इतका जांभा आहे इथे."

"जांभो लेथार लावलो तर माका दिवो मेळाचो नाय. तपकीर मेळात. ओढतंस?"

मी एका वृत्तपत्राचा तालुका वार्ताहर होतो आणि कारागिरांवर एक लेखमाला लिहीत होतो. त्यासाठी त्याने मला दगड वाजवून दाखवला. एक दगड डाव्या तळहातावर तोलून धरला आणि उजव्या हातातल्या मोठ्या खिळ्याच्या डोक्याने त्याला हलकेच टोला दिला. आवाज आला तो पितळी वाटीचा, लांबत जाणारा.

"ह्यो बोलता," तो म्हणाला.

दुसरा दगड दिसायला तसाच होता. टोला दिला. थप्प. भिजलेल्या वहीवर बोट आपटावं तसा.

"ह्यो मुको. भुतुर चीर आसा. खंय ती माका म्हायत नाय, तुका म्हायत नाय. फातराक म्हायत."

मुक्या दगडाला तो लेथजवळही नेत नसे. शेडच्या मागे माडांच्या कडेला त्याने अशा दगडांची ओळ लावली होती. अलाबास्टर पाण्यात थोडा थोडा विरघळतो. कोकणातल्या पावसात ते दगड दर वर्षी लहान आणि गोल होत जायचे. ओळीच्या एका टोकाला लिंबाएवढे उरलेले काही होते. ते सर्वांत जुने.

दगड पारखायच्या तीन रीती होत्या: आधी कान, मग पाणी, मग उजेड. कानाने पास झालेला दगड तो पाण्यात बुडवून काढायचा आणि वाऱ्यावर ठेवायचा. दगड सुकतो, पण चीर शेवटपर्यंत ओली राहते आणि काळ्या दोऱ्यासारखी दिसते. उजेडाची परीक्षा सर्वांत खात्रीची, पण ती दगड आतून कोरून पातळ झाल्यावरच करता येते, म्हणजे तो लेथवर फिरवल्यानंतर. आणि पावसाळ्यात पाण्याची परीक्षा उपयोगाची नसे. हवाच ओली. दगड चार चार दिवस सुकत नाही, सगळाच काळवंडलेला राहतो. त्यामुळे जूनपासून गणपतीपर्यंत लेथवर चढणारा प्रत्येक दगड फक्त कानाच्या भरवशावर चढायचा. मेस्तच्या कानाच्या.

मी हे लिहिलं. लेखाला शीर्षक दिलं गेलं 'दगड ऐकणारा माणूस'. तो लेख त्याच्या मुलीने फ्रेम करून शेडमध्ये लावला, मुख्य स्विचच्या वर. स्विचही दाराजवळ होता, पांढऱ्या पावलांच्या हाताशी. तोही मेस्तचाच नियम. बघ्याला काही वावगं दिसलं तर त्याने विचारत बसायचं नाही, स्विच खाली ओढायचा.

लेख छापून आल्यावर माणसं त्याला बघायला येऊ लागली. पर्यटक, शाळांच्या सहली, मालवणच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर. त्या मॅनेजरची गोष्ट वाडीत अजून सांगतात. तो मोबाइल उंचावून आत आला तो थेट तांबड्या पट्ट्यावर. लेथ चालू होता. मेस्तने लेथ बंद केला, चष्मा काढला आणि दगड थांबेपर्यंत वाट पाहिली.

"साहेब, फक्त दोन मिनिटं," मॅनेजर म्हणाला. "समोरून अँगल चांगला मिळतो."

"तुका व्हिडिओ होयो काय थोबाड होया? दोनांतला एक सांग."

मॅनेजर हसला. मेस्त हसला नाही. त्याने त्याला दंडाला धरून पट्ट्याबाहेर काढलं, दारापर्यंत नेलं आणि दार लावून घेतलं. मॅनेजरने रिसॉर्टसाठी दिवे मागवले होते. ते त्याने दुसरीकडून घेतले. मेस्तच्या मुलीने, फिलूने, दोन दिवस बापाशी अबोला धरला. मेस्तला त्याचं काही वाटलं नाही. पण त्या दिवशी मी तिथे होतो. दार लावल्यानंतर त्याने लेथ पुन्हा सुरू केला नाही. मॅनेजरला दरडावणारा माणूस आतून घाबरलेला होता.

का, ते त्याने मला एकदाच सांगितलं. दुपारची वेळ होती. आम्ही शेडच्या मागे, मुक्या दगडांच्या ओळीजवळ बसलो होतो. मी फक्त इतकंच विचारलं होतं की गोवा का सोडलंस.

गोव्याच्या कारखान्यात त्याच्याबरोबर मार्सेल होता, त्याच्या बायकोचा भाऊ. एका चर्चच्या फेस्तासाठी, म्हणजे वार्षिक सणासाठी, मोठं पाण्याचं भांडं करायचं होतं. दगड मेस्तने वाजवला.

"माका अर्धो आवाज इलो," मेस्त म्हणाला. "पुरो बोलको नाय, पुरो मुको नाय. फेस्ताक चार दीस रवले होते. मी म्हटलंय, चलात."

लेथवर मेस्त स्वतः होता. मार्सेल समोर उभा राहून चहा पीत होता.

"कप फुटाक नाय," मेस्त म्हणाला. "खाली बसताना तेणां तो बाजूक ठेवल्यान. नीट, बशीत. मगे आडवो झालो."

मी विचारलं, "लगेच?"

"कप ठेवीसर होतो."

दगडाचा तुकडा मार्सेलला कुठे लागला, ते त्याने सांगितलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुझा तोंड बघलंय काय माका पालिश केलेलो फातर आठवता," तो म्हणाला. "भुतुर काय आसा, भायर कायच दिसना नाय."

आमच्या धंद्यात हे शिकवतात. समोरचा बोलत असेल तेव्हा चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही. आलं की माणूस आपल्या चेहऱ्याकडे बघून बोलायला लागतो. मला ती सवय पहिल्या दोन वर्षांत लागली होती आणि तिचा मला थोडा अभिमान होता.

फिलूने दगडकामात यावं असं मेस्तला वाटत नव्हतं. ती पणजीत एका हॉटेलात नोकरी करायची. आई गेल्यावर ती घरी परतली, आणि एका वर्षात लेथवर बापापेक्षा बारीक काम करायला लागली. तिच्या दिव्यांच्या भिंती इतक्या पातळ असायच्या की आतल्या उजेडात दगडाच्या शिरा मोजता याव्यात. मेस्त ते दिवे हातात घेऊन फिरवून बघायचा आणि काही न बोलता खाली ठेवायचा. ही त्याची शाबासकी. लेथ हळूहळू त्याने तिच्या हाती दिला. खिळा मात्र दिला नाही.

"मी वाजवू काय?" फिलू विचारायची.

"नको."

"माका कळता, पप्पा. मुको खंयचो तो."

"कळता तां म्हायत आसा माका. सांगणारो एकच होयो."

मी एकदा तिची बाजू घेतली. म्हटलं, तिचा कान तरुण आहे, दोघांनी ऐकलं तर बरंच. तेव्हा त्याने खिळा टेबलावर ठेवला.

"फातर वाजवणाऱ्याक तो आवाज जलमभर आयकाचो लागता," तो म्हणाला. "माझा काय ता झाला. तिका नको."

म्हणून दगड तो वाजवायचा, बोलका निघाला की त्यावर खडूने फुली मारायचा, आणि फुली असलेला दगड फिलू लेथवर चढवायची. फुली हाच त्यांच्यातला करार होता. तिने कधी फुलीवर शंका घेतली नाही.

त्याचं ऐकू येणं कधी कमी झालं हे मला नेमकं सांगता येणार नाही. खुणा मी पाहिल्या होत्या, पण त्यांची बेरीज केली नव्हती. फिलू मागून हाक मारायची आणि तो वळत नसे. फोन वाजला की तो तिच्याकडे ढकलायचा, "तूच बोल, माका तेतूरला कायच समजना नाय." रस्त्यावरून एसटी हॉर्न वाजवत गेली तरी मान वर होत नसे. बोलताना तो माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघू लागला. फिलूला वाटत होतं, बाप रागावलाय.

"माज्यार कसलो तरी राग आसा तेंचो," ती मला म्हणाली होती. "बोलतंय तर आयकाना झाल्यासारखे करतत."

लेथच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाविषयी हे वाक्य कानावर पडूनही मला काही सुचलं नाही. त्याच्या कानावर लेख मीच लिहिला होता. तो दाराजवळ फ्रेममध्ये होता.

गणपती जवळ आले होते. वाडीच्या खुरसाचं फेस्त त्याच सुमारास असतं. वाडीच्या तोंडाशी रस्त्याकडेला सिमेंटचा खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. त्याच्या कोनाड्यात मेस्तने केलेला अलाबास्टरचा दिवा असायचा. मेच्या वादळी पावसात माडाची झावळ पडून तो फुटला होता. नवा दिवा फेस्ताला लागणार होता आणि या खेपेला तो फिलू कातणार होती. जुन्यापेक्षा मोठा. मी त्याची चार ओळींची बातमी करायला गेलो होतो.

पांढऱ्या पावलांवर उभा राहिलो. फिलू घरात होती. मेस्तने दगड उचलला, मोठा होता, दोन्ही मांड्यांमध्ये धरून बसला आणि खिळ्याने टोला दिला.

थप्प.

मी ऐकलं. शंका घ्यायला जागा नव्हती. पहिल्या दिवशी त्यानेच मला हा आवाज शिकवला होता.

मेस्तने दगड थोडा फिरवला, पुन्हा टोला दिला. पुन्हा थप्प. तो दगडाकडे बघत नव्हता. माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. टोला, आणि माझा चेहरा. टोला, आणि माझा चेहरा. चार वेळा. ते बघणं मला विचित्र वाटलं, आणि विचित्र वाटलं की मी जे करतो तेच केलं. चेहरा स्थिर ठेवला. मनात म्हटलं, मोठ्या दगडाचा आवाज असाच येत असेल. हा माणूस दगड ऐकतो. आपण काय सांगणार?

"बोलता," मेस्त म्हणाला आणि खडूने फुली मारली.

मी दिव्याची उंची लिहून घेतली आणि निघालो.

संध्याकाळी मालवणच्या बाजारात नारळ घेत होतो. चतुर्थीची गर्दी होती. नारळवाली बाई प्रत्येक नारळ दुसऱ्या नारळावर आपटून मगच पिशवीत टाकत होती. एक आपटला आणि तिने तो मागे फेकला.

"तो का?" मी विचारलं.

"चिरलेलो तो. आयकाक येवक नाय तुमका?"

आलं होतं. दुपारीही आलं होतं. तिथे उभ्या उभ्या सगळ्या खुणांची बेरीज झाली. एसटीचा हॉर्न, फोन, ओठांकडे बघणं, आणि ते चार टोले. तो दगड ऐकत नव्हता. मला ऐकू आलं का, हे माझ्या तोंडावर वाचत होता. माझ्या तोंडावर काही नव्हतं, म्हणून त्याने फुली मारली. त्या फुलीच्या भरवशावर त्याची मुलगी तो दगड फिरवणार होती.

फिलूचा फोन लागेना. पावसात त्या बाजूची रेंज जाते. घरात तेवढा एकच फोन होता. रात्रभर मी स्वतःला सांगत राहिलो की दगड लेथवर चढवायच्या आधी लाकडी तबकडीला राळेने चिकटवावा लागतो, राळ घट्ट व्हायला रात्र जाते, म्हणजे सकाळपर्यंत काही होणार नाही. हे खरं होतं. पण सकाळ म्हणजे किती वाजता, हे मला माहीत नव्हतं.

उजाडताच मोटरसायकल काढली. चाळीस मिनिटांचा रस्ता होता, पावसाने एक तास लागला. काजूच्या झाडांपाशी पोचलो तेव्हाच लेथचा आवाज ऐकू आला. बारीक, एकसारखा. गाडी स्टँडवर लावायला थांबलो नाही.

दार उघडं होतं. फिलू लेथवर होती, पट्ट्याच्या डावीकडे, चष्मा, मास्क, कानांवर आवाज अडवणारे जाड गोळे. दगड बाहेरून गोल होऊन गेला होता आणि ती आत कोरत होती. पांढऱ्या पिठीची धार तिच्या मनगटावर पडत होती. मेस्त तिच्या मागे होता. भिंतीजवळ, पोत्यांच्या पुढे, तांबड्या पट्ट्यावर. बरोबर मधोमध. हात बाजूला सोडलेले, चष्मा नाही. डोळे मिटलेले होते की उघडे, ते पिठीमुळे कळत नव्हतं.

मी ओरडलो. तिने ऐकलं नाही, कानांवर गोळे होते. त्याने ऐकलं नाही.

तिच्यापर्यंत जायचं तर पट्टा ओलांडावा लागला असता. खरं लिहायचं तर माझा पाय उचलला नाही. मग फ्रेमच्या खालचा स्विच दिसला. मी तो खाली ओढला.

मोटर बंद पडली तरी दगड काही वेळ फिरत राहतो. तो वेळ फार लांब असतो. त्या वेळात फिलूने मागे वळून पाहिलं, आधी माझ्याकडे, मग बापाकडे. बाप कुठे उभा आहे ते तिला दिसलं. तिने हत्यार खाली ठेवलं आणि ती एक पाऊल बाजूला झाली. दगड थांबेपर्यंत तिघांपैकी कुणीही हललं नाही. मग फिलूने कानांवरचे गोळे काढले.

"हा दगड काल बोलला नव्हता," मी म्हणालो.

फिलूने दार लावून घेतलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि दगडाच्या पोकळीत धरला. दगड मधासारखा उजळला. काठापासून खाली, थोडी वाकडी, केसाएवढी काळी रेघ गेली होती. तळाच्या दोन बोटं वर संपत होती. फिलूने टॉर्च बंद केला. पुन्हा लावला. रेघ तिथेच होती.

"पप्पा," ती म्हणाली. तो दगडाकडे बघत होता. तिने त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तो वळला आणि तिच्या ओठांकडे बघू लागला. तेव्हा तिला कळलं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिचा चेहरा माझ्यासारखा नव्हता.

"कदीपासून?" तिने विचारलं.

"पावसाच्या आदीपासून."

"आनी थंय कित्याक उबो रवलंस?"

"मी फुली मारलंय, तर मीच थंय."

"म्हणजे रोज?"

त्याने हो म्हटलं. पावसाळाभर, ती लेथवर उभी राहिली की तो मागे जाऊन त्या पट्ट्यावर उभा राहत होता. तो तिथे उभा राहिल्याने तिचं रक्षण होणार नव्हतं. कुणाचंच होणार नव्हतं. तुकडा त्याच्याकडे आला असता किंवा तिच्या बाजूने पुढे गेला असता, ते दगडालाच माहीत.

"सांगलंस कित्याक नाय?" फिलूचा आवाज चढला होता. त्याला तो चढलेला कळत नव्हता, आणि तेच बघणं कठीण होतं.

"सांगल्यार खिळो तुज्या हातात देवचो लागलो असतो," तो म्हणाला.

मग तो माझ्याकडे वळला. रागाने नव्हे. चूक कुठे झाली ते तपासणाऱ्या कारागिरासारखा.

"काल तुका आयकाक इलेला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"माका वाटला, मुको आसतो तर तुज्या तोंडार कायतरी येतला," तो म्हणाला. "कायच इला नाय."



मेस्त पुढच्या मे महिन्यात गेला. घरी, खाटेवर, ताप येऊन. दगडाने नाही, हे मुद्दाम नोंदवतो. पण मला तो आठवतो तो त्या आधीचा, त्याच भाद्रपदातला, फेस्ताच्या तीन दिवस आधीचा. त्या दिवशीची आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची, या आमच्या शेवटच्या भेटी. नंतर माझी बदली झाली.

खुरसाच्या दिव्यासाठी नवा दगड निवडायचा होता. मी पोचलो तेव्हा शेडमध्ये मला उभं राहायला जागा नव्हती. पांढऱ्या पावलांवर मेस्त उभा होता. अनवाणी. त्याची पावलं त्यांत बरोबर मावली होती. मी दाराबाहेर, पत्र्याच्या पागोळीखाली उभा राहिलो.

खिळा फिलूच्या हातात होता. फ्रेम भिंतीवरून काढलेली होती, तिच्या जागी फिकट चौकोन राहिला होता. तिने दगड मांड्यांमध्ये धरला आणि टोला दिला. मला बाहेर ऐकू आला, स्वच्छ, लांबत गेलेला. तिने तोंड वर केलं आणि त्याला दिसेल असं सावकाश, पूर्ण तोंड उघडून म्हटलं,

"बोलता, पप्पा."

त्याने मान हलवली नाही.

"परत वाजव," तो म्हणाला.

तिने परत वाजवला. दगड फिरवून आणखी एकदा. तो तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हता.

"बोलता."

"नक्की?"

"नक्की. तू आता मदी येव नको. पावलांर रव."

तिने खडू घेतला आणि फुली मारली. तिची पहिली फुली. मेस्तने डोळे मिटले, उघडले. पाय उचलले नाहीत. तांबडा पट्टा त्याच्यापासून चार पावलांवर होता आणि तो त्याच्याकडे बघत होता, हे मला पाठीमागूनही कळत होतं. आता तिथे जाऊन उभं राहणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. फुली तिची होती. पट्ट्यावर त्याला काही झालं असतं, तर तो आवाज तिला जन्मभर ऐकावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी, राळ घट्ट झाल्यावर, मी पुन्हा गेलो. बातमीचं निमित्त नव्हतं. मेस्त पुन्हा त्याच पावलांवर होता. फिलूने चष्मा लावला, मास्क चढवला, कानांवर गोळे ठेवले आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याने उजवा हात वर नेला आणि स्विचवर ठेवला. फिलूने लेथ सुरू केला. दगड आधी डगमगता दिसला, मग गोल, मग नुसता पांढरा धूसर झाला. मेस्तचा हात स्विचवरून खाली आला नाही.

मी तिथून निघालो. पाऊस थांबला होता. लेथचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. काजूच्या झाडांखाली मी थांबलो, आणि तो आवाज मध्येच तुटतो का, हे ऐकत बराच वेळ उभा राहिलो.

तुटला नाही.